संगणकातील ‘बिघडलेली’ फाइल : दोष कोणाचा, पुरावा कोणता?

इतिहासाच्या शिक्षकाने संगणकावर लेख का लिहावा, असा प्रश्न ही स्मरणिका हाती घेणाऱ्या वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संगणकशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र आणि शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली, एवढाच या विषयातील माझा अधिकार. परंतु भोंगवलीच्या आपल्या निवासी विद्यालयात २०१५ साली एक प्रसंग घडला आणि त्या प्रसंगी मी दिलेल्या एका होकारामुळे विद्यार्थ्यांचे दोन वर्षांचे काम कायमचे नाहीसे झाले. ते काम का गेले, संगणकात नेमके काय घडले होते आणि त्या वेळी काय करावयास हवे होते, हे समजून घेण्यासाठी मी पुढे बराच काळ खर्च केला. जे समजले ते विद्यार्थ्यांच्या, पालकांच्या आणि इतर शाळांतील शिक्षक बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

घडले ते असे. आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनी आसपासच्या गावांतील वृद्धांच्या आठवणी टिपून आणण्याचा उपक्रम हाती घेतला होता. कोणी आजीकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून आल्या, कोणी आजोबांकडून वस्तीवरच्या जुन्या दिवसांची हकिकत लिहून आणली, काहींनी मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित केले. हे सारे संगणक कक्षातील एकाच संगणकात साठवलेले होते. तो संगणक माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेल्या वापरलेल्या संगणकांपैकी एक होता आणि त्यात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यामुळे चित्रफिती दाखविण्यासाठी आम्ही तोच वापरीत असू. त्या वर्षी त्यावर विंडोज १० ही नवी कार्यप्रणाली बसविण्यात आली. त्यानंतर काही आठवड्यांनी पडदा मधूनच लुकलुकू लागला आणि दोनदा निळा होऊन संगणक बंद पडला. एका विद्यार्थ्याने पुस्तकात वाचल्याप्रमाणे कार्यप्रणालीची तपासणी चालविली. पडद्यावर इंग्रजीत उत्तर आले, त्याचा आशय असा : बिघडलेल्या फाइली सापडल्या आहेत, परंतु त्यांपैकी काहींची दुरुस्ती करता आली नाही.

दुरुस्तीसाठी बोलावलेल्या गृहस्थांनी तो संदेश पाहिला आणि सांगितले, “सर, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारावं लागेल.” मी होकार दिला. प्रत काढून ठेवली आहे का, हे त्यांनी विचारले नाही आणि मलाही सुचले नाही. तासाभरात संगणक नव्यासारखा झाला. आठवणींचा संग्रह मात्र गेला. ज्या वृद्धांचे आवाज त्यात होते त्यांपैकी दोघी आजी तोवर निवर्तल्या होत्या. मी दोष कोणाच्या माथी मारीत नाही, कारण होकार माझा होता.

यानंतर जे घडले त्यामुळे मी विचारात पडलो. नव्याने बसविलेल्या कार्यप्रणालीवर पूर्वीचेच ग्राफिक्स ड्रायव्हर टाकले आणि सहज म्हणून तीच तपासणी पुन्हा केली. पुन्हा तोच संदेश आला. सर्व काही पुसून टाकल्यावरही ‘बिघाड’ जागच्या जागी होता. मग ज्याला बिघाड म्हटले ते होते तरी काय?

ड्रायव्हर म्हणजे काय?

संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, ही संगणकाच्या सर्व व्यवहारांची व्यवस्थापक असते. परंतु बाजारात येणाऱ्या प्रत्येक कंपनीचा छपाईयंत्र, कॅमेरा वा ग्राफिक्स कार्ड कसे चालते, याची माहिती तिला असणे शक्य नाही. म्हणून त्या वस्तूचा निर्माता आपल्या वस्तूसोबत एक छोटा कार्यक्रम देतो. कार्यप्रणालीचा हुकूम त्या वस्तूच्या भाषेत सांगणे आणि वस्तूचे उत्तर कार्यप्रणालीला समजेल असे परत आणणे, हे त्याचे काम. या दुभाष्यालाच ड्रायव्हर म्हणतात.

सर्व दुभाष्यांत ग्राफिक्स कार्डाचा दुभाष्या सर्वांत अधिक श्रमाचा. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर, चित्र आणि हालचाल त्याच्या हातून जाते. सर्वसाधारण पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगविला जातो. शिवाय ग्राफिक्स कार्डाला संगणकाच्या मुख्य स्मृतीतून, म्हणजे रॅममधून, थेट मजकूर उचलण्याची व तेथे थेट लिहिण्याची मुभा असते. काम वेगाने व्हावे यासाठी ती आवश्यकही असते. मात्र पत्ता चुकला तर लिहिलेले भलत्याच ठिकाणी जाऊन पडते.

येथे कार्यप्रणालीची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. तिचे दोन भाग असतात. बाहेरच्या भागात आपण वापरतो ते लेखनाचे, हिशेबाचे, गाणी ऐकण्याचे कार्यक्रम चालतात. त्यांपैकी एखादा कोसळला तर तेवढाच बंद पडतो, शेजारच्याला धक्का लागत नाही. आतल्या भागाला कर्नल म्हणजे गाभा म्हणतात. गाभ्यात चालणाऱ्या कार्यक्रमाला संपूर्ण स्मृतीत संचार करता येतो. तेथे चूक झाली तर तिला अडविणारे कोणी नसते. अशा वेळी पुढील हानी टाळण्यासाठी कार्यप्रणाली स्वतःच सारे व्यवहार थांबविते. आपण ज्याला निळा पडदा म्हणतो तो हाच.

ग्राफिक्स गाभ्यात कसे शिरले?

ही रचना पहिल्यापासून अशी नव्हती. १९९३ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ही कार्यप्रणाली आणली तेव्हा पडद्यावर चित्र काढण्याचे बहुतेक काम गाभ्याच्या बाहेर ठेवले होते. त्यामुळे सुरक्षितता होती, पण प्रत्येक रेघेसाठी आतबाहेर जा-ये करावी लागत असल्याने वेग कमी पडे. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये वेगासाठी हे काम गाभ्यात आणले गेले. पडदा चपळ झाला, पण त्याच निर्णयाने ग्राफिक्स ड्रायव्हरमधील चुकीला संपूर्ण संगणक पाडण्याचे सामर्थ्य मिळाले.

त्याचे परिणाम दहा वर्षांनी ठळकपणे दिसले. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आली. तिच्यासाठी ग्राफिक्स ड्रायव्हरची घडण पूर्णपणे बदलण्यात आली होती आणि निर्मात्यांना सर्व ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले होते. पुढे अमेरिकेतील एका न्यायालयीन खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. त्यांत व्हिस्टा कोसळण्याच्या नोंदींची वर्गवारी होती. सुमारे २९ टक्के नोंदी एनव्हिडिया या कंपनीच्या ड्रायव्हरशी, सुमारे १८ टक्के मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कार्यक्रमांशी आणि ९ टक्क्यांहून थोड्या अधिक एटीआय या दुसऱ्या ग्राफिक्स कंपनीशी निगडित होत्या. आकडे वाचताना एक सावधगिरी मात्र बाळगावी. एखाद्या कंपनीची कार्डे अधिक संगणकांत असतील तर तिच्या नावावरील नोंदीही अधिक होणारच. तरीही ग्राफिक्स ड्रायव्हर हा कार्यप्रणालीचा नाजूक सांधा आहे, एवढे या आकड्यांवरून निश्चित दिसते.

ज्या घडणीमुळे सुरुवातीस त्रास झाला तिनेच पुढे सुधारणाही घडविली. व्हिस्टापासून ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोन भाग करण्यात आले. मोठा व गुंतागुंतीचा भाग गाभ्याबाहेर नेला आणि आवश्यक तेवढाच आत ठेवला. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर संपूर्ण संगणक बंद न करता केवळ ते कार्ड व त्याचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करण्याची सोयही झाली. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता, तो पूर्ववत झाला’ अशा अर्थाचा संदेश दिसतो, तो याच सोयीमुळे.

फाइल खरोखर बिघडते ती कशी?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे कार्यप्रणालीच्या फाइली बिघडतात का? याचे प्रामाणिक उत्तर असे की, बिघडू शकतात, पण तसे समजले जाते त्याहून पुष्कळ कमी वेळा. खऱ्या बिघाडाच्या मुख्यतः तीन वाटा आहेत.

पहिली वाट स्मृतीतून जाते. तबकडीवरची फाइल वापरात असताना तिचा काही भाग रॅममध्ये आणलेला असतो. गाभ्यातील ड्रायव्हरने चुकीच्या पत्त्यावर लिहिले आणि ती जागा नेमकी अशा फाइलीची असली, तर बदललेला मजकूर पुढे तबकडीवरही उतरू शकतो.

दुसरी वाट अर्धवट राहिलेल्या लेखनाची. फाइलीवर लेखन चालू असताना संगणक कोसळला किंवा आपणच घाबरून बटण दाबून तो बंद केला, तर फाइल अर्धी जुनी व अर्धी नवी अशी राहू शकते. विंडोजची एनटीएफएस ही साठवणपद्धती प्रत्येक बदलाची रोजनिशी ठेवते. परंतु त्या रोजनिशीमुळे फाइलींची मांडणी सुरक्षित राहते, फाइलीच्या आतील मजकुराची हमी मिळत नाही. पावसाळ्यात आपल्या भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. ड्रायव्हर बदलत असताना वीज गेली, तर खापर ड्रायव्हरवर फुटते.

तिसऱ्या वाटेचा ग्राफिक्स ड्रायव्हरशी संबंधच नसतो, पण लक्षणे तशीच दिसतात. रॅमची पट्टी सदोष असेल किंवा हार्ड डिस्क झिजत आली असेल, तर पडदाही अडखळतो, निळाही होतो आणि फाइलीही बिघडतात. अशा वेळी ड्रायव्हर दहा वेळा बदलला तरी उपयोग होत नाही.

‘बिघडली’ असे ठरवितो कोण?

या तिन्ही वाटांहून वेगळा असा चौथा प्रकार आहे आणि आमच्या संगणकात तोच होता. तो समजण्यासाठी तपासणी कशी होते ते पाहू.

विंडोज ९५ व ९८ च्या काळात कोणताही कार्यक्रम बसविताना तो कार्यप्रणालीच्या सामायिक फाइलींवर स्वतःची आवृत्ती टाकून जात असे. एकाने नवी टाकावी, दुसऱ्याने जुनी टाकावी आणि तिसरा कार्यक्रम बंद पडावा, असा गोंधळ नित्याचा होता. त्यावर उपाय म्हणून विंडोज २००० मध्ये महत्त्वाच्या फाइलींना संरक्षण देण्यात आले आणि व्हिस्टामध्ये ते अधिक कडक झाले. कार्यप्रणाली आपल्या प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीचा एक ठसा नोंदवून ठेवते. त्याला हॅश म्हणतात. फाइलीतील सर्व मजकुरावर ठरावीक गणित करून ही छोटी संख्या काढलेली असते. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ठसा पूर्णपणे बदलतो.

सिस्टीम फाइल चेकर, म्हणजे एसएफसी, नावाचा तपासनीस प्रत्येक फाइलीचा ठसा नव्याने काढतो आणि नोंदीतील ठशाशी ताडून पाहतो. जुळला तर फाइल ठीक. न जुळला तर तो तिला बिघडलेली म्हणतो आणि विनएसएक्सएस या भांडारातील प्रत तिच्या जागी आणतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, फाइल काम करते की नाही हे तो पाहत नाही. ती नोंदीप्रमाणे आहे की नाही, एवढेच तो पाहतो. ‘नोंदीशी जुळत नाही’ आणि ‘बिघडली आहे’ ही दोन निरनिराळी विधाने आहेत. तपासनीस मात्र दोहोंसाठी एकच शब्द वापरतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा भेद परिचयाचा आहे. एखाद्या कागदाची हाती आलेली नक्कल संग्रहातील प्रतीशी जुळत नसेल, तर ती लगेच खोटी ठरत नाही. ती नंतरची सुधारलेली प्रत असेल, दुसऱ्या शाखेची असेल किंवा संग्रहातील प्रतच चुकीची असेल. निर्णय देण्यापूर्वी फरक कोठे आहे आणि तो कोणी केला हे पाहावे लागते. संगणकाच्या बाबतीत हे पाहण्याची सोय होती आणि आम्ही ती वापरली नाही.

ओपनसीएलची फाइल

पुण्यात संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याला मी फोन करून सारा प्रकार सांगितला. तो म्हणाला, “सर, संदेश वाचून उपयोग नाही, लॉग वाचा.” तपासनीस आपल्या कामाची सविस्तर नोंद सीबीएस नावाच्या लॉगमध्ये ठेवतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. विंडोजच्या फोल्डरमध्ये लॉग्ज व त्यात सीबीएस अशा क्रमाने गेल्यावर ती नोंद सापडली. हजारो ओळींतून शोधता शोधता दुरुस्त न होऊ शकलेल्या फाइलीचे नाव मिळाले : ओपनसीएल.डीएलएल. संपूर्ण कार्यप्रणालीत तक्रार होती ती एवढ्या एकाच नावाबद्दल.

ओपनसीएल म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून चित्राखेरीज इतर गणिती कामे करून घेण्याची एक सामायिक पद्धती. तिचा पहिला मसुदा २००८ साली ख्रोनोस या उद्योगसमूहांच्या मंडळाने प्रसिद्ध केला. ओपनसीएल.डीएलएल ही फाइल या पद्धतीचे प्रवेशद्वार आहे. एखादा कार्यक्रम तिच्याकडे येतो आणि ती त्याला संगणकात असलेल्या कार्डाच्या ड्रायव्हरकडे पोहोचविते. वेगवेगळ्या कंपन्यांचे ग्राफिक्स ड्रायव्हर ही फाइल याच नावाने आपल्यासोबत आणत असत.

२९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० ची पहिली आवृत्ती आली. तिच्या स्वतःच्या संचातही रिमोटएफएक्स नावाच्या एका घटकासाठी याच नावाची फाइल होती आणि तिचा ठसा नोंदलेला होता. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसविताना त्याने आपली ओपनसीएल फाइल त्या जागी ठेवली. दोन्ही फाइली निरोगी होत्या आणि काम करणाऱ्या होत्या, परंतु ठसे निराळे. तपासनिसाने ठसा ताडला, जुळला नाही, आणि बिघाडाचा शेरा मारला. हा प्रकार केवळ आमच्या संगणकात नव्हता. त्या वर्षी जगभरच्या असंख्य विंडोज १० संगणकांवर हाच संदेश याच फाइलीसाठी येत होता.

दुरुस्ती का झाली नाही, याचेही कारण आहे. विंडोजमध्ये कार्यप्रणालीच्या फाइलीची एक प्रत भांडारात व एक वापराच्या जागी, अशा दोन प्रती सहसा नसतात. फाइल एकच असते, तिला दोन नावे दिलेली असतात. आपल्या मुलांचे जसे घरचे नाव एक आणि शाळेच्या पटावरचे नाव दुसरे असते, तसेच हे. घरच्या नावाने हाक मारली काय आणि पटावरच्या नावाने मारली काय, येणारा मुलगा तोच. वापराच्या जागेवरील फाइलीवर दुसरा मजकूर लिहिला गेला की भांडारातील नावाखालीही तोच मजकूर दिसू लागतो. त्यामुळे तपासनीस मूळ प्रत आणावयास भांडारात गेला तर तेथेही ठसा जुळेना. लॉगमध्ये तसे स्पष्ट लिहिले होते : भांडारातच ठसा जुळत नाही.

अशा वेळी भांडार बाहेरून भरून घ्यावे लागते. डीआयएसएम नावाचे साधन तेच करते. ते मायक्रोसॉफ्टकडून इंटरनेटवरून किंवा विंडोजच्या मूळ डीव्हीडीवरून अस्सल प्रत आणून भांडार दुरुस्त करते. त्यानंतर एसएफसी चालविल्यास तक्रार मिटते. आमच्या संगणकावर हे केले तेव्हा अर्धा तास लागला आणि एकही फाइल पुसावी लागली नाही.

मग पडदा निळा का होत होता? त्याच माजी विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून आम्ही विंडोजमधील स्मृतीची तपासणी रात्रभर चालू ठेवली. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक सदोष निघाली. ती बदलल्यावर पडदा पुन्हा निळा झाला नाही. म्हणजे आमच्याकडे एकाच वेळी दोन स्वतंत्र गोष्टी होत्या. एक खरा दोष रॅममध्ये होता आणि एक निरुपद्रवी फरक ओपनसीएलच्या फाइलीत होता. आम्ही दुसऱ्याला पहिल्याचे कारण मानले आणि त्या गैरसमजापायी तिसऱ्याच गोष्टीचा, मुलांच्या कामाचा, बळी दिला.

मोठ्या प्रमाणावरचा धडा

ड्रायव्हर गाभ्यात असण्याचे परिणाम किती दूरवर जातात, हे १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. तो ड्रायव्हर ग्राफिक्सचा नव्हता, क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संगणक-सुरक्षेचा होता, परंतु त्याचे स्थान तेच, गाभ्यात. त्याच्यासाठी पाठविलेल्या माहितीच्या एका फाइलीमुळे तो २१ वा रकाना वाचावयास गेला आणि त्याच्यापुढे रकाने होते २०. पुढची जागा त्याची नव्हती, तेथे वाचताच संगणक कोसळला आणि सुरू केल्यावर पुन्हा पुन्हा कोसळत राहिला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक असे बंद पडले. मुंबई विमानतळावरही विमान कंपन्यांना प्रवाशांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या, आणि देशात अनेकांना शाईने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

या घटनेतील आपल्या उपयोगाचा भाग उपायाचा आहे. ते संगणक पाहणाऱ्याला पूर्णपणे निकामी वाटत होते, तरी त्यांची कार्यप्रणाली नष्ट झालेली नव्हती. संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन, सुरू करावयाचा आणि ती एक सदोष फाइल काढून टाकावयाची, एवढेच करावे लागले. ज्यांनी कारण कळण्यापूर्वी संगणक पुसला असेल, त्यांनी आपली माहिती विनाकारण गमावली असेल.

काय करावे, कोणत्या क्रमाने?

आता संगणक कक्षाच्या भिंतीवर आम्ही पुढील क्रम लिहून लावला आहे.

पहिले काम प्रत काढण्याचे. संगणक सुरू होत असेल तर इतर काहीही करण्यापूर्वी विद्यार्थ्यांचे काम पेन ड्राइव्हवर वा बाहेरील डिस्कवर उतरवून घ्यावे. सुरू होत नसेल तर त्यातील डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून बहुधा मजकूर वाचता येतो. दुरुस्ती करणाऱ्याला हे आधी करावयास सांगावे.

दुसरे काम काय बदलले ते आठवण्याचे. त्रास केव्हा सुरू झाला, त्याच्या आधी कोणता ड्रायव्हर, कोणते अपडेट वा कोणता नवा भाग बसविला, हे वहीत लिहावे. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन रोल बॅक ड्रायव्हर या सोयीने पूर्वीचा ड्रायव्हर परत आणता येतो. पडदाच दिसत नसेल तर सेफ मोडमध्ये जावे. तेथे विंडोज कंपनीचा ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवून स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर पडदा चालविते. सेफ मोडमध्ये त्रास थांबला, तर संशय ड्रायव्हरकडे जातो. तेथेही चालू राहिला, तर रॅम व डिस्ककडे पाहावे.

तिसरे काम तपासणीचे. आधी डीआयएसएमने भांडार दुरुस्त करावे आणि मग एसएफसी चालवावे, कारण भांडारच सदोष असेल तर तपासनीस काय आणून देणार? संदेशात बिघाड म्हटले असेल तर लॉग उघडून फाइलीचे नाव शोधावे. एकच फाइल असेल आणि ती ग्राफिक्सशी संबंधित असेल, तर घाबरण्याचे कारण बहुधा नसते. परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक फाइली बिघडलेल्या असतील आणि दर तपासणीत निराळी नावे येत असतील, तर दोष रॅमचा किंवा डिस्कचा असण्याची शक्यता मोठी. तेव्हा स्मृतीची तपासणी व चेकडिस्क या साधनांचा उपयोग करावा.

चौथी गोष्ट पथ्याची. ड्रायव्हर कार्डाच्या किंवा संगणकाच्या निर्मात्याकडूनच घ्यावा. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये नवे करा’ अशी जाहिरात करणारे कार्यक्रम घेऊ नयेत. ड्रायव्हर बसविण्यापूर्वी रिस्टोर पॉइंट तयार करावा. यूपीएस नसेल तर पावसाळी हवेत हे काम काढू नये आणि चालू असताना बटण दाबून संगणक बंद करू नये.

फॉरमॅट हा उपाय वर्ज्य नाही. तो शेवटचा आहे, इतकेच. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आहे. त्यामुळे अनेक शाळांत जुन्या संगणकांवर नव्या कार्यप्रणाली बसविण्याचे काम निघेल, नव्या कार्यप्रणालीबरोबर नवे ड्रायव्हर येतील आणि ‘करप्ट’ हा शब्द पुन्हा ऐकू येईल. त्या वेळी शिक्षकांनी एवढे अवश्य विचारावे : कोणती फाइल? कशावरून? आणि प्रत काढली आहे का?

आपल्या शाळेत आता विद्यार्थ्यांच्या प्रत्येक उपक्रमाच्या तीन प्रती असतात. एक संगणकात, एक कार्यालयाच्या कपाटातील डिस्कवर आणि एक कागदावर छापलेली. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी नववीचे दोन विद्यार्थी त्या उघडून वाचून पाहतात, कारण न उघडता ठेवलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही. आठवणी गोळा करण्याचा उपक्रमही आम्ही पुन्हा सुरू केला. पूर्वी बोललेल्यांपैकी जे हयात होते त्यांच्याकडे मुले पुन्हा गेली. एका आजोबांनी विचारले, “मागल्या खेपेला सांगितलं होतं की रे सगळं, त्याचं काय झालं?” मुलांनी खरे ते सांगितले. आजोबांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितले. त्या दोघी आजींच्या ओव्या मात्र आता आपल्याजवळ नाहीत.